ठिबकला फिटर बोलावतो, मग संडासाला का नाही?



आज पिकाचं काही लिहीत नाही. सोयाबीन घरात आलंय, तूर फुलात आहे, ज्वारीची पहिली कोळपणी उरकली. थोडी उसंत मिळाली म्हणून वर्षभर मनात असलेला विषय लिहितो. विषय संडासाचा आहे. हसू नका, शेवटपर्यंत वाचा. माझ्या घराला हा विषय फार महाग पडलाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात नवा संडास बसवायचा असेल तर जाणकार प्लंबर लावाच. गवंड्यावर सोडू नका, आणि स्वतःच्या हुशारीवर तर अजिबात सोडू नका. मी दोन्ही केलं, म्हणून सांगतोय.

आमचं घर गावात नाही, शेतात वस्तीवर आहे. बार्शी तालुक्यातलं काळं रान. २०१६ साली सरकारचे बारा हजार मिळणार म्हणून आम्ही संडास बांधला. गवंडी गावातलाच, हात चांगला, भिंत अशी उभी करतो की बघत राहावं. पाईपचं काम मी म्हणालो, मीच करतो. का नाही करणार? तीस वर्षं पाईपलाईन जोडतोय. विहिरीपासून वरच्या रानापर्यंत अडीच इंची लाईन मीच टाकली, ठिबकचे कॉक, व्हेंच्युरी सगळं मीच बसवलं. घरामागं जुन्या लाईनचे चार इंची तुकडे पडले होते, तेच वापरले. सोल्युशनचा डबा घरात होता. एका दिवसात काम फत्ते.

खड्डा घेताना गवंड्याला म्हणालो, "मिस्त्री, एकच घ्या पण दांडगा घ्या. पंधरा फूट. माझ्या जन्मात भरायला नको." ग्रामसेवकानं दोन उथळ खड्डे घ्यायला सांगितलं होतं. एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की त्याचं खत होतं, असं त्यानं समजावलं होतं. मी मान हलवली आणि मनाचंच केलं. खड्डा घेतला कुठं? घर आणि विहिरीच्या मधे, कारण तिथं जागा मोकळी होती. विहिरीपासून पस्तीस फुटांवर.

आता त्याचे परिणाम ऐका.

पहिल्याच उन्हाळ्यात पाण्याची बोंब. त्या साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, आमच्याकडंही टँकर सुरू होता. आम्ही बसवलेलं भांडं शहरातलं पसरट, एका वेळेला बादलीभर पाणी मागायचं. खेडेगावासाठी जास्त उताराचं भांडं मिळतं, त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं, हे मला माहीतच नव्हतं. दुकानदारानं दिलं ते आणलं. पाणी नाही म्हटल्यावर सगळे परत टमरेल घेऊन बांधावर.

पावसाळ्यात उलटं. काळ्या रानात पाणी जिरत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तरी खड्डा मात्र त्याच काळ्यात घेतला होता. श्रावणात खड्ड्यात पाणी भरायचं आणि भांड्यात वर यायचं. वास तर बारा महिने होता. आम्हाला वाटायचं, संडास म्हटल्यावर वास असणारच.

एका वर्षी तुंबलं म्हणून मी आणि चुलतभाऊ खड्ड्याचं झाकण काढून बांबूनं ढोसायला गेलो. दोर बांधून खाली उतरायचासुद्धा विचार होता. मी वाकलो आणि डोकं गरगरलं, डोळ्यापुढं अंधारी. भावानं कॉलर धरून मागं ओढलं म्हणून आज लिहितोय. मैल्याच्या टाकीत विषारी वायू साठतो, माणूस आत उतरला की काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथंच राहतो. पेपरात अशा बातम्या किती वेळा वाचल्यात. माणसाला असं टाकीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हाही आहे. आणि आम्ही ते घरच्या घरी, फुकटात करायला निघालो होतो.

एवढं होऊनही प्लंबर बोलवायचं डोक्यात आलं नाही. खरी शिक्षा मागच्या साली मिळाली.

मागच्या भाद्रपदात संडास परत तुंबला. पहाटे आई एकटीच बांधाकडं निघाली. वय ऐंशी. चिखलात पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला नेलं, ऑपरेशन झालं. तिथं डॉक्टरनं आणखी एक गोष्ट काढली. लघवीला जंतुसंसर्ग आहे म्हणाले. "आजी पाणी कमी पितात का हो?" मी म्हणालो, नाही, आमच्याकडं पाण्याला काय तोटा.

कारभारीण शेजारी उभी होती. ती म्हणाली, "आत्याबाई दिवस मावळायच्या आधीपासनं पाणी पीत न्हाईत. रातीला उठाय लागतं म्हणून. कवाचं सांगत्ये, तुमचं ध्यान पिकात."

मंडळी, मला रानातल्या कुठल्या ओळीत ड्रीपर बंद आहे ते चालता चालता कळतं. माझी आई आठ वर्षं संध्याकाळचं पाणी पीत नव्हती, ते मला कळलं नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, आता उकिडवं बसणं बंद, कमोड बसवा. आई दवाखान्यातून यायच्या आत करायचं ठरलं. आणि मी परत तीच चूक करायला निघालो. घराला लागून खोली काढली, दुकानातून कमोड आणला, गवंड्याकडून जमिनीत पाईप बसवून वर काँक्रीट करून घेतलं. कमोड ठेवून बघितला तर तोंड जुळेना. पाईप भिंतीपासून बारा इंचांवर, आणि आणलेल्या कमोडचं तोंड नऊ इंचांवर. गवंडी म्हणाला, "भिंतीला तीन इंच जागा रिकामी सोडू, पांढरं सिमेंट भरू, कोण बघतंय."

मुलगा एवढा वेळ गप्प होता. तो म्हणाला, "आबा, आता बास. मी बार्शीहून प्लंबर आणतो." मी विचारलं किती घेईल? हेल्पर धरून साडेपाच हजार मजुरी. मी म्हणालो, दोन-तीन दिवसांच्या कामाला एवढे? त्यावर कारभारणीनं जे ऐकवलं ते इथं लिहितोच. "द्राक्षाचा सल्लागार गाडीतनं येतो, बागेत चक्कर मारून पैसे घिऊन जातो, त्याला कधी जास्त झालं म्हणाला न्हाईत. आईच्या कामाला मात्र घासाघीस."

प्लंबर आला. तिशीतला पोरगा, आयटीआय केलेला. मला वाटलं आल्या आल्या पाने-पकडी काढून कामाला लागेल. त्यानं आधी अर्धा तास नुसतं बघितलं. विहीर कुठं, पावसाचं पाणी कुठून कुठं वाहतं, मुरूम कुठल्या बाजूला लागतो, हे विचारलं. मग म्हणाला, "काका, आजींचं माप काय?" मला कळेना. दुपारी तो सोलापूरला कामाला जाणारच होता. दवाखान्यात जाऊन आईला खुर्चीवर बसवून जमिनीपासून गुडघ्यापर्यंत माप घेऊन आला. म्हणाला, आजी उंच आहेत, हा कमोड बुटका पडेल, उठताना खुब्यावर जोर येईल. कमोड बदलून आणला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी संडास माझ्या आईच्या मापानं बसवत होतं.

मग जुनी लाईन उकरली. लेव्हल पाईप लावून दाखवलं तर माझी लाईन मधेच उलटी चढत होती. मी म्हणालो, अरे, शेतात तर असली लाईन चालते. तो हसला. "काका, शेतात पाण्यामागं मोटर असते. हितं मागं कोण हाय? हितं फक्त ढाळ."

इतकी साधी गोष्ट, पण तीस वर्षं पाईप जोडून मला उमगली नव्हती. आपली पाईपलाईन दाबावर चालते. चढ असो, उतार असो, मोटर पाणी ढकलते. संडासाची लाईन सरीसारखी चालते. सरीला उतार कमी पडला तर पाणी तुंबतं हे आपल्याला पाठ आहे, तेच इथं लागू. त्यानं हिशोब सांगितला, चार इंची पाईपला फुटाला दोन सूत ढाळ. तीस फूट लाईन असेल तर साडेसात इंच. कमी झाला तर घाण बसते. उगाच फार तीव्र दिला तर पाणी पुढं पळतं आणि घाण मागं राहते.

जुन्या पाईपचंही तसंच. मी म्हणालो, चार किलो दाबाचा पाईप आहे, कशाला नवा? तो म्हणाला पाईप मजबूत आहे, पण शेतीचे एल्बो काटकोनात वळतात, तिथं घाण अडकते. संडासाच्या कामाचे बेंड गोलाईत वळतात आणि त्यांना उघडायचं दार असतं, तुंबलं तर तिथून साफ करता येतं. शिवाय ते पाईप रबरी रिंगवर बसतात. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. सोल्युशननं चिकटवलेला सांधा त्यात तडकतो, रिंगचा सांधा थोडा हलून घेतो. त्यानं पाईपच्या खाली-वर वाळू घातली, म्हणजे काळ्या मातीची ओढ थेट पाईपवर येत नाही. काळ्या रानात राहून हे मला सुचायला हवं होतं.

वासाचं कारणही सापडलं. भांड्याखाली जो वाकडा ट्रॅप असतो, त्यात कायम थोडं पाणी थांबलं पाहिजे. ते पाणीच टाकीतला वास अडवतं. आमचा ट्रॅप तिरका बसला होता, त्यात पाणी थांबतच नव्हतं. आठ वर्षांचा वास एका तिरक्या ट्रॅपमुळं.

नवी टाकी घराच्या खालच्या अंगाला घेतली, विहिरीपासून शंभर फुटांच्या पुढं. दोन कप्प्यांची, बाहेर जायचं तोंड आत यायच्या तोंडापेक्षा दोन इंच खाली, वायू बाहेर जायला व्हेंट पाईप, त्याला वर डासांची जाळी. टाकीतलं पाणी उघड्या गटारात न सोडता पुढं मुरमात शोषखड्डा. बांधकाम आमच्या गवंड्यानंच केलं आणि उत्तम केलं. गवंड्याला माझा दोष नाही. ज्याचं काम त्यानं करावं, एवढंच. ज्वारी काढणाऱ्याला द्राक्षाची छाटणी लावली तर बाग जाईल, त्यात त्याची काय चूक?

पाईप बुजवायच्या आधी त्यानं खालचं तोंड बंद करून लाईन पाण्यानं भरली आणि तासभर तशीच ठेवली. एका सांध्याला पाझर होता, रिंग बदलली. आपणही चर बुजवायच्या आधी लाईन चालवून बघतो ना? मग भिजवलेल्या पेपरचे गोळे टाकून फ्लश करून दाखवलं. कमोडशेजारी स्टीलचा दांडा बसवला, पण टाईल्स बसायच्या आधी जागा ठरवून, भिंतीत पक्का. दार बाहेर उघडणारं केलं. म्हणाला, आजी आत पडल्या तर आत उघडणारं दार त्यांच्याच अंगाला अडतं, मग दार तोडावं लागतं. हे कुठला गवंडी किंवा शेतकरी सांगेल?

जुना खड्डा नगरपालिकेकडून मैला उपसायची गाडी आणून रिकामा केला, चुना टाकून मुरमानं बुजवला. त्याच वेळी जलसुरक्षकाकडून विहिरीचं पाणी तपासलं. तपासणीची छोटी बाटली असते, पाणी भरून ठेवायचं, काळं पडलं तर मैल्यातले जंतू असण्याची शक्यता. आमची बाटली दुसऱ्या दिवशी काळीकुट्ट. नातवाची पोटं का बिघडायची, त्याचा अंदाज तेव्हा आला. वर्षाला किती गोळ्या-औषधं आणली असतील. विहिरीत टीसीएल टाकून घेतलं, पिण्याचं पाणी उकळायला लागलो. यंदा पावसाळा संपल्यावर परत तपासलं, बाटली काळी पडली नाही. पण एका बाटलीवर मी नाचणार नाही, आई आणि नातवाचं पाणी अजून उकळूनच देतो.

आता हिशोब. प्लंबरची मजुरी साडेपाच हजार. आईच्या ऑपरेशनचं आणि दवाखान्याचं बिल त्याच्या तीसपट. २०१६ साली मी प्लंबरचे दोन हजार वाचवले होते, ते असे फिटले. पैशाचं सोडा, आईचे तीन महिने अंथरुणात गेले, त्याचा हिशोब मला मांडता येत नाही.

काही जण म्हणतील, आम्हाला परवडत नाही. खरं आहे, सगळ्यांना सगळं परवडत नाही. मग टाईल्स कमी करा, साधी फरशी बसवा, ती घसरतही नाही. कमोड भारी कंपनीचा नको. उकिडवं बसता येतं त्यांना कमोडही नको, खेडेगावचं उताराचं भांडं आणि दोन उथळ खड्डे स्वस्तातही होतात आणि पाणीही वाचतं. पण जमीन आणि विहीर बघून, जाणकाराच्या सल्ल्यानं. पैसे दिसणाऱ्या गोष्टीतून कमी करा, जमिनीखाली जाणाऱ्या गोष्टीतून नको. तिथली चूक दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दुसरं म्हणतील, प्लंबर म्हणवणारे सगळे कुठं जाणकार असतात? हेही खरं. पाना हातात आहे म्हणून प्लंबर होत नाही. म्हणून विचारून घ्या. ढाळ किती देणार? मापायला काय वापरणार? पाईप आणि बेंड कुठले? व्हेंट कुठून काढणार? बुजवायच्या आधी पाणी भरून दाखवणार का? जो विहीर कुठं आहे ते स्वतःहून विचारतो तो चांगला समजा. जो आल्या आल्या "काळजी नको, होऊन जातंय" म्हणतो त्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि प्लंबर बोलवायचा तो काँक्रीट व्हायच्या आधी, कमोड विकत घ्यायच्याही आधी. मी नंतर बोलावला म्हणून नवं काँक्रीट फोडावं लागलं.

शेतकऱ्याला एक सवय आहे, सगळं आपल्यालाच येतं असं वाटतं. अडचणीत ती कामालाही येते. पण बाजारात आपली कोथिंबीर कुणी दोन रुपयानं पाडून मागितली की आपण म्हणतो, कष्टाची किंमत नाही. आणि दुसऱ्याच्या कसबाची वेळ आली की आपणच म्हणतो, त्यात काय एवढं. दोन्ही एकाच तोंडानं बोलू नये.

कृषी सहायक आणि सल्लागार मंडळीही हे वाचतात, त्यांना एक विनंती. तुम्ही वस्तीवर येता, ठिबकचा दाब बघता, मातीचा नमुना घेता. जाता जाता विहीर आणि संडासाचा खड्डा यात किती अंतर आहे तेवढं बघा आणि जवळ असेल तर बोला. आम्ही बायकोचं ऐकत नाही, पण साहेबाचं ऐकतो. निर्यातीच्या बागेत ग्लोबलगॅपवाले मजुरांना संडास आणि हात धुवायला पाणी आहे का ते बघतात. परदेशातल्या गिऱ्हाइकासाठी आपण ते करतो. खुरपायला येणाऱ्या बाया दिवसभर पाणी न पिता उन्हात वाकून असतात, त्या बागेत निर्यात असो नसो. मी यंदा वरच्या रानात मजुरांसाठी एक बांधतोय. तोच पोरगा येणार आहे. मजुरी किती, हे या वेळी मी विचारलं नाही, मुलाला विचारायला सांगितलं. सवय लगेच जात नाही.

यंदाचा पावसाळा गेला, एकदाही तुंबलं नाही. आई आता काठी घेऊन एकटी जाते, दांडा धरून उठते. रात्री जेवल्यावर तांब्याभर पाणी पिते. ते बघायला मी मुद्दाम ओट्यावर बसून राहतो.

तुमच्याकडं खड्डा विहिरीपासून किती फुटांवर आहे? आज टेप घेऊन मोजा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, संध्याकाळी पाणी पिता का.

राम राम.